एनएफएलमध्ये ड्राफ्टमध्ये फसलेले आणि बाकावरचे खेळाडू संघाच्या खरंच काही कामाचे असतात का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. (एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी संघांनी पाळीपाळीने केलेली नव्या खेळाडूंची निवड.) पहिल्या फेरीत घेतलेला खेळाडू फुसका बार ठरल्यावर दुसरा संघ त्याच्यावर पैसे का घालतो? आणि ज्यांची नावंही कोणाला ठाऊक नसतात, असे बाकावरचे गडी खरंच सामने जिंकून देतात का? मी फिलाडेल्फियाजवळ राहतो आणि बरीच वर्षं ईगल्सचे सामने बघतोय, त्यामुळे उत्तर याच एका संघातून देणार. पक्षपाती आहे, कबूल. पण या विषयाचं पीक इथे भरघोस येतं.

आधी ८ फेब्रुवारी २०१८ ची मिरवणूक सांगतो. चारच दिवसांपूर्वी मिनीॲपोलिसला ईगल्सनी पेट्रियट्सना ४१-३३ असं हरवून आपला पहिला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला होता. आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवर सेंटर जेसन केल्सी ममर्सच्या, म्हणजे इथल्या नववर्षाच्या मिरवणुकीतला झगमगीत पोशाख घालून माईकसमोर उभा राहिला आणि सहकाऱ्यांना लोक काय काय नावं ठेवत होते, ते एकेकाचं नाव घेऊन ओरडून सांगायला लागला. निक फोल्समध्ये दम नाही. कोरी क्लेमेंट हळू पळतो. नेल्सन ॲगोलोरला झेल घेता येत नाही. ब्रँडन ग्रॅहमला ड्राफ्टमध्ये फार वर घेतला.

हे शेवटचं वाक्य नीट बघा. त्यात ग्रॅहम कसा खेळतो याबद्दल अवाक्षर नाही, तक्रार आहे ती त्याच्या क्रमांकाबद्दल. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात सोळा कोटींना घेतलेल्या गोलंदाजाने षटकात बारा धावा दिल्या की आपण त्याचा उद्धार करतो. तेच षटक वीस लाखांच्या पोराने टाकलं तर ‘बरा आहे की’ म्हणतो. ‘बस्ट’, म्हणजे फुसका बार, हा शिक्का बराचसा असाच किमतीवर बसलेला असतो. ज्या संघाने ती किंमत मोजली त्याला ती सलत राहते. दुसऱ्या संघाच्या डोक्यावर ते ओझं नसतं, तो फक्त एवढंच बघतो की या माणसाला नेमकं काय जमतं.

ग्रॅहमचंच घ्या. २०१० मध्ये ईगल्सनी २४ व्या क्रमांकावरून १३ व्यावर उडी मारून त्याला घेतलं. लगेच पुढच्या क्रमांकावर सिएटलने अर्ल थॉमसला उचललं आणि तो बघता बघता मोठा सितारा झाला. ग्रॅहमचा मात्र पहिल्याच मोसमात गुडघा गेला. आमच्या शेजारी साठीतले एक गृहस्थ आहेत, जन्मजात ईगल्सवाले. ग्रॅहमने काहीही केलं तरी पाच मिनिटांत ते अर्ल थॉमसवर यायचे. मग तो सुपर बोल. ईगल्स ३८-३३ असे पुढे, सव्वादोन मिनिटंही उरलेली नाहीत, चेंडू पेट्रियट्सच्या टॉम ब्रेडीच्या, म्हणजे त्यांच्या क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) हातात. त्या रात्री ब्रेडीने ५०५ यार्ड फेकले होते, त्यामुळे पुढे काय होणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. ग्रॅहम आतल्या बाजूने घुसला, हात घातला आणि चेंडू निसटला. अख्ख्या सामन्यात ब्रेडी चेंडूसकट सापडला तो तेवढा एकदाच. शेजाऱ्यांनी त्यानंतर अर्ल थॉमसचं नाव काढलेलं मी तरी ऐकलं नाही.

ॲगोलोरची गोष्ट वेगळी. तो फसला होता हे खरंच होतं. २०१५ ला विसाव्या क्रमांकावर घेतलेला हा रिसीव्हर, म्हणजे फेकलेले चेंडू झेलणारा गडी, दोन वर्षं चाचपडत होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये सिएटलला तर कहर झाला. तो चुकीच्या जागी उभा राहिला म्हणून सहकाऱ्याचा टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण) रद्द झाला, आणि पुढे आसपास कोणी नसताना हातात आलेला चेंडू त्याने सोडला. पुढच्या सामन्यात त्याला बसवलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये जॉर्डन मॅथ्यूजला बफेलोला धाडलं आणि स्लॉटची जागा रिकामी झाली. स्लॉट म्हणजे कडेचा रिसीव्हर आणि मधली फळी यांच्यामधली जागा. कडेला उभं राहिलं की समोर अडवणारा एकटा कॉर्नरबॅक छातीला छाती लावून उभा आणि पाठीशी मैदानाची रेघ, पळायला एकच बाजू. स्लॉटमध्ये दोन्ही बाजू मोकळ्या आणि सुरुवातीचा धक्काही बहुधा चुकतो. ॲगोलोर चपळ, त्याला ही जागा मानवली. त्या मोसमात ६२ झेल आणि ८ टचडाऊन, सुपर बोलमध्ये ९ झेल. निर्णायक चढाईतही चेंडू पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जात होता. माणूस तोच, फक्त चार पावलं आत सरकवला.

हेच २०२४ मध्ये आणखी ठळक दिसलं. मेकाय बेक्टन, सहा फूट आठ इंच उंच, वजन साडेतीनशे पौंडांच्या वर. न्यूयॉर्क जेट्सनी त्याला २०२० ला अकरावा घेतला होता टॅकल म्हणून, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या फळीच्या टोकाला. दुखापतींनी दोन मोसम जवळजवळ वाया गेले आणि शिक्का बसला. ईगल्सनी एका वर्षाच्या करारावर त्याला आणून उजवा गार्ड केलं, म्हणजे फळीत एक घर आत. टॅकलला बाहेरून वळसा घालून येणाऱ्या वेगवान गड्यामागे सरकत सरकत मागे जावं लागतं, मोकळ्या जागेत. एवढ्या अंगाच्या माणसाला तिथे एक पाऊल चुकलं की संपलं. गार्डला दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात आणि समोरच्याला ढकलायचं असतं. ढकलायला बेक्टनसारखा दुसरा कुठून आणणार? शिवाय लाइनमन, म्हणजे या फळीतले गडी, घडवणारा प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड आणि शेजारी लेन जॉन्सनसारखा मुरलेला टॅकल. त्या मोसमाचा सुपर बोल जिंकून बेक्टन चार्जर्सकडे गेला.

त्याच वर्षी आलेला झॅक बॉन ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीतला, न्यू ऑर्लिन्समध्ये चार वर्षं मुख्यतः स्पेशल टीम्सवर खेळलेला. किक मारली की जिवाच्या आकांताने पळून समोरच्याला पाडायचं, हे त्याचं काम. ईगल्सनी त्याला कमाल ३५ लाख डॉलरच्या, एका वर्षाच्या करारावर घेतलं आणि कडेवरून मधला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या फळीमागे उभा राहणारा गडी, केलं. त्या वर्षी एका संघाची एकूण पगारमर्यादा होती साडेपंचवीस कोटी डॉलर. बॉन ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवडला गेला, आणि सुपर बोलमध्ये त्याने मध्यंतराआधी कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याचा पास मध्येच झेलला, त्यातून लगेच टचडाऊन झाला, २४-०. संघ असा जुगार का खेळतात ते या आकड्यांत आहे. एकूण पगाराला मर्यादा घातलेली असते, मोठा वाटा क्वार्टरबॅक आणि दोनचार बड्यांकडे जातो, आणि यादी ५३ जणांची भरायची असते. उरलेली माणसं स्वस्तातच शोधावी लागतात. त्यात कोणाला तरी कधीकाळी अकराव्या क्रमांकाची गुणवत्ता दिसली होती असा गडी मिळत असेल तर कोण सोडेल?

आता बाकावरच्यांबद्दल. २०१८ च्या सुपर बोलमधला तो प्रसिद्ध डाव, फिली स्पेशल. चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, गोलरेषा एका यार्डावर, मध्यंतराला ३८ सेकंद बाकी. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे गेला, ज्याला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं. त्याने दिला ट्रे बर्टनला. तोही ड्राफ्टबाहेरचा, तिसऱ्या क्रमांकाचा टाइट एंड (फळीला लागून उभा राहणारा, झेलही घेणारा गडी), पण पोरवयात क्वार्टरबॅक खेळलेला. बर्टनने फेकला तो निक फोल्सकडे, जो संघात होता कार्सन वेंट्झचा बदली म्हणून आणि २०१६ ला खेळ सोडायच्या विचारात होता. तिघांपैकी एकही त्या मोसमाच्या सुरुवातीला पोस्टरवर नव्हता. त्या दिवशी डाव्या टोकाला ब्रेडीवाल्यांना थोपवत होता हालापूलिवाती वायटाई, जेसन पीटर्स जखमी म्हणून आलेला. त्याचं नाव लोकांना पाठ नाही, कारण त्याने घोळ घातला नाही. लाइनमनचं नाव बहुतेक वेळा चूक झाली तरच ऐकू येतं.

हे सगळं वाचून प्रत्येक फुसक्या बारात दारू शिल्लक असते असं समजू नका. बहुतेक उडत नाहीतच. जमार्कस रसेल २००७ चा पहिला क्रमांक, तीन मोसमांत कारभार आटोपला. आमच्याच डॅनी वॉटकिन्सला २०११ ला पहिल्या फेरीत घेतलं, तो मुळात अग्निशामक दलातला. फुटबॉलमध्ये काही जमलं नाही, परत अग्निशामक झाला, आणि मला वाटतं तिथेच तो जास्त सुखी असावा.

ॲगोलोरचाही जम कायम राहिला नाही. २०१९ मध्ये तो पुन्हा चेंडू सोडायला लागला. त्याच सप्टेंबरात फिलाडेल्फियात एका इमारतीला आग लागली आणि वरून खाली सोडलेली मुलं झेलणाऱ्या एका गृहस्थाने टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर, धूर निघत असताना, आम्ही ॲगोलोरसारखं सोडलं नाही असा टोला हाणला. ॲगोलोरने त्याला वीर म्हणून घरच्या पुढच्या सामन्याला सहकुटुंब बोलावलं.