वर्षभराच्या सायकलिंग वर्गाचे पैसे एकदम भरावेत का?

प्रश्न : मी पुण्यात एका खासगी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, वय ४३. रक्तातील साखर सीमारेषेवर आल्याने डॉक्टरांनी नियमित व्यायाम सांगितला आहे. घराजवळच्या स्टुडिओत इनडोअर सायकलिंगचे गटवर्ग आहेत. वार्षिक सदस्यत्व ४८,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, असे एकूण ५६,६४० रुपये 'नो कॉस्ट ईएमआय'वर, म्हणजे बिनव्याजी मासिक हप्त्यांत, भरता येतात. दहा वर्गांचा पास ४,००० रुपये अधिक कर असा असून त्याची मुदत दोन महिने आहे. हप्त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची ५,००० रुपयांची एसआयपी वर्षभर थांबवावी का? हाताशी ९०,००० रुपये आहेत आणि घरखर्च महिना ६२,००० आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण पाठवलेल्या दरपत्रकातील कराचा आकडा आधी दुरुस्त करून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यायामशाळा आणि फिटनेस केंद्रांच्या सेवांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यांना इनपुट टॅक्स क्रेडिट (स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नसल्याने ते मूळ दर वाढवू शकतील, पण जुन्या दराने कर आकारू शकणार नाहीत. म्हणजे ४८,००० रुपयांवर आपले देणे ५०,४०० होते; फरक ६,२४० रुपयांचा आहे.

आता वार्षिक सदस्यत्वाचा मासिक हप्ता ४,२०० रुपये, आणि दहा वर्गांचा पासही करासह ४,२०० रुपयांचाच. त्यामुळे दर महिन्याला दहाहून अधिक वर्ग झाले, तरच वार्षिक सदस्यत्व स्वस्त पडते. गणपती, दिवाळी, परीक्षांचे पेपर तपासणे आणि मे महिन्यातील गाव वजा केले, तर वर्षातले जेमतेम ४४ आठवडे हाती राहतात, आणि त्यांत १२० वर्ग बसवायचे म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीन. ज्यांनी अजून एकही वर्ग केलेला नाही, त्यांनी हे गृहीत धरू नये. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अमेरिकेतील जिमच्या नोंदींवरून दाखवून दिले, की महिन्याला ७० डॉलरहून अधिक ठरावीक शुल्क भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. त्यांना एक फेरी १७ डॉलरहून महाग पडत होती, आणि दहा फेऱ्यांच्या पासवर तीच १० डॉलरला मिळत होती.

हप्त्याबाबत मी अधिक सावध आहे. असा ईएमआय बहुतेक वेळा एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज असते आणि ते आपल्या पतअहवालात दिसते. उद्या स्टुडिओ बंद पडला किंवा आपला गुडघा दुखावला, तरी वित्तसंस्था हप्ता मागणारच. शिवाय व्याजाचा भार बहुधा स्टुडिओच सोसत असतो. तसे असेल, तर रोख भरणाऱ्याला तेवढी सूट मिळायला हवी, आणि ती आपण जरूर मागावी. आपल्याकडची शिल्लक दीड महिन्याच्या खर्चाइतकीही नाही, म्हणून वर्षभराचे कोणतेही नवे देणे मी आत्ता सुचवणार नाही. पास मात्र हवा तेव्हा थांबवता येतो.

(एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात जागची न हलणारी सायकल चालवायला पाऊण तासाचे ४२० रुपये मोजावे लागतात, याची गंमत वाटते, पण कर्वे रस्त्यावरची संध्याकाळची वाहतूक पाहता आपली निवड मला समजते.)

तेव्हा पहिल्या दोन महिन्यांसाठी एकच पास घ्यावा. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे आधी पोहोचून प्रशिक्षकाकडून सायकल आपल्या मापाची लावून घ्यावी. शेजारी उभे राहिल्यावर सीट साधारण कमरेच्या हाडाशी यावी आणि पेडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. सीट खाली राहिली की गुडघे बोलू लागतात आणि उरलेला पास वाया जातो. या सायकलींचे जड चाक बहुधा पेडलशी थेट जोडलेले असते, त्यामुळे पाय थांबवले तरी पेडल फिरतच राहते; ताण वाढवण्याची कळ दाबली की ब्रेक लागतो, हे आधीच करून पाहावे. पहिल्या वर्गात इतरांची बरोबरी करू नये, कारण सवय नसताना अतिश्रम केल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. मांड्या असह्य दुखून लघवी गडद रंगाची झाल्यास लगेच डॉक्टर गाठावा. पेडलमध्ये अडकणारे क्लिपचे बूट इतक्यात घेऊ नयेत. कडक तळाचे साधे बूट चालतात. खर्च करायचाच तर पॅड असलेल्या शॉर्ट्सवर करावा.

एसआयपी थांबवू नये. दोन महिन्यांत एक पास, म्हणजे महिन्याला २,१०० रुपये, हे घरखर्चातून काढता येतील. जिमच्या शुल्कावर प्राप्तिकरात वजावट मिळत नाही. आपण जुन्या करपद्धतीत असाल, तर प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीच्या खर्चावर ५,००० रुपयांपर्यंत मिळते, आणि साखरेची पुढची तपासणी त्यात बसू शकते.

मुदतीच्या आत दहाही वर्ग संपले आणि आठवड्याला तीनची सवय लागली, तर तीन महिन्यांच्या सदस्यत्वाचा दर विचारावा. त्या वेळी सदस्यत्व गोठवण्याची, दुसऱ्याच्या नावे करण्याची आणि पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्यावी. तोंडी आश्वासनावर पैसे भरू नयेत.