रिमोट लॉक नंतर, आधी बॅटरीचं टर्मिनल बघा

साठच्या दशकातली गाडी, दाराच्या कुलपात किल्ली अडकते, म्हणून रिमोटचं सेंट्रल लॉकिंग बसवायचंय आणि जमल्यास चोरीचाही बंदोबस्त करायचाय, इथपर्यंत तुमचं म्हणणं पटलं. पण शेवटी तुम्ही लिहिलंय की फिटर म्हणाला, "बॅटरीची जोडणी उलटी आहे, ती आधी सरळ करून देतो." ते वाचून राहवलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. त्याला अजून गाडीला हात लावू देऊ नका.

ती जोडणी बहुधा उलटी नाहीच. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या (earth) असत. म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला आणि मायनस वायरिंगला, कारखान्यातूनच तसं. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कारसुद्धा १९६७ च्या अखेरीस तिची मार्क टू ही पुढची आवृत्ती आली तेव्हा निगेटिव्ह अर्थची झाली. आजची लॉकिंगची किट मात्र सरसकट निगेटिव्ह अर्थ धरून बनवलेली असतात. त्यामुळे फिटरला सोपा वाटणारा मार्ग एकच, गाडीच्या बॅटरीची जोडणीच फिरवायची.

माझ्या गाडीत नेमकं हेच केलं गेलं, तेही मला न विचारता. किट बसवायला गाडी दिली होती. त्या वर्कशॉपने बॅटरीचे टर्मिनल अदलाबदल केले आणि बाकी सगळं होतं तसं ठेवलं. डायनॅमोच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या, पोलमध्ये जुन्या दिशेचं थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, त्यामुळे इंजिन सुरू झालं की तो जुन्याच दिशेने व्होल्टेज देतो. मग कटआउट (डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा आपोआप चालणारा स्विच) लागतो आणि एकमेकांना तोलण्याऐवजी डायनॅमो व बॅटरी दोघंही एकाच दिशेने करंट ढकलायला लागतात. रेग्युलेटर बॉक्सचं झाकण उघडलं तेव्हा कटआउटचे पॉइंट वितळून एकमेकांना चिकटलेले होते. डायनॅमोच्या आत आर्मेचरचं, म्हणजे फिरणाऱ्या भागाचं, सोल्डर उडून गोलाकार शिंपडलं होतं. मूळचा ट्रान्झिस्टर रेडिओ गेला तो कायमचा. त्यावर वर्कशॉपचं उत्तर काय, तर जुन्या गाड्यांत असं होतंच. जॉबकार्डवर फक्त "लॉक फिटिंग" लिहिलेलं, बॅटरीचा उल्लेखच नाही, त्यामुळे भांडायला हातात कागद नव्हता. आजही त्याचा राग येतो. दुसऱ्याच्या गाडीत काय बदललं हे लिहून द्यायला एक ओळ पुरते.

मी व्यवसायाने ऑटो इलेक्ट्रिशियन नाही, तेव्हा पुढचं सगळं तुमच्या भरवशाच्या वायरमनकडून पडताळून घ्या. पोलॅरिटी बदलणं अशक्य नाही, पण ते रीतसर करायचं काम आहे. डायनॅमोची फील्ड वायर (त्याच्या चुंबकाच्या वेढ्यांना करंट देणारी) काढून त्या टर्मिनलला बॅटरीच्या लाइव्ह, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या, वायरचा क्षणभर स्पर्श देऊन त्याचं चुंबकत्व नव्या दिशेचं करावं लागतं. इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) आणि करंट दाखवणाऱ्या अँमीटरच्या वायरी उलटाव्या लागतात. कायम चुंबकाची मोटर असलेला हीटरचा पंखा उलटा फिरायला लागतो, तोही बघावा लागतो.

माझं मत विचाराल तर गाडी आहे तशी ठेवा आणि किट वेगळं ठेवा. किटची काळी वायर बॉडीला न लावता थेट बॅटरीच्या मायनसला, लाल वायर प्लसला. फ्यूज मायनसच्या बाजूला, बॅटरीच्या अगदी जवळ, कारण तुमच्या गाडीत लाइव्ह बाजू तीच. किटचा कोणताही उघडा धातूचा भाग किंवा वायर बॉडीला टेकू द्यायची नाही. दारातल्या मोटरला दोनच वायरींत प्लस-मायनस उलटसुलट मिळून काम होतं, त्यामुळे ती बिनतक्रार चालते. इंडिकेटर चमकवण्याची सोय मात्र रिलेशिवाय (विजेवर चालणाऱ्या वेगळ्या स्विचशिवाय) चालणार नाही. ती सोडून द्या. (गाडी ६ व्होल्टची असेल तर गणितच वेगळं, तसं असल्यास आधी सांगा.)

दारातलं काम घाई न करता करून घ्या. मोटरचा दांडा लॉकच्या मूळ रॉडला समांतर हवा. तिरका बसला तर थोड्याच दिवसांत मोटर अर्ध्यावर अडते. भोक पाडण्याआधी काच पूर्ण खाली करून मागे जागा उरते का ते हाताने चाचपा. बिजागरीजवळून जाणाऱ्या वायरींना रबरी नळी आणि दार पूर्ण उघडल्यावरही ताण येणार नाही इतका ढील हवा. मूळ वायरिंग कुठेही कापू देऊ नका, कापडी वेष्टनाचं असेल तर मुळीच नाही.

आणि किल्लीचं कुलूप काढून टाकू नका. किटचा रिसीव्हर गाडी उभी असतानाही करंट खातो. समजा २० मिलिअँपिअर, तर ३० दिवसांत १४.४ अँपिअर-तास गेले. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा तिसऱ्या भागाहून जास्त. गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर एक दिवस रिमोट दाबाल आणि काही होणार नाही. अडकणाऱ्या कुलपात तेल न घालता ग्राफाइट पावडर घाला, बऱ्याचदा तेवढ्यानेच ते मोकळं होतं.

रिमोट घेताना रोलिंग कोडचाच, म्हणजे दर वेळी नवा कोड पाठवणारा, घ्या. स्वस्त किटमध्ये दर वेळी तोच कोड जातो आणि तो हवेतून पकडून पुन्हा वाजवता येतो. किल्ली खिशात असताना आपोआप उघडणारी सिस्टीम तर नकोच. खिशातल्या किल्लीचा सिग्नल दोन यंत्रांमधून लांबवर पोचवून गाडी उघडता येते.

पण खरं सांगतो, हे सगळं सोयीसाठी झालं. या गाड्यांची छोटी तिकोनी काच बाहेरून उचकटता येते आणि इग्निशनच्या वायरी डॅशबोर्डच्या मागे सहज हाताला लागतात. तेव्हा खर्च करायचाच असेल तर आधी छुप्या स्विचवर करा. तो स्टार्टरच्या वायरीत नको, कारण गाडी ढकलून सुरू होते. कॉइलला जाणाऱ्या फीडमध्ये हवा, तिथला करंट पेलणारा आणि चांगल्या कंपनीचा, कारण तो चालत्या गाडीत बिघडला तर इंजिन बंद पडेल. मोबाइलवरून चालत्या गाडीचं इंजिन बंद करणारी यंत्रं मी कुणालाच सुचवत नाही. स्टिअरिंगला लावायचा जाड दांडा दिसायला ओबडधोबड असला तरी चोराला तो दुरून दिसतो. बोनेट बाहेरून उघडत असेल तर त्यालाही कुलूप घाला, नाहीतर बॅटरीपासून कॉइलपर्यंत एक वायर टाकली की छुपा स्विच निकामी.

विमा कंपनीला या बदलांची लेखी माहिती द्या आणि पोच घ्या. फोनवर कुणी "गरज नाही" म्हणालं तरी लेखीच द्या. जॉबकार्डवरही प्रत्येक बदल लिहून घ्या, बॅटरीला हात लावला असेल तर तोसुद्धा.