कुरणाची फूट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पावसात आमचे कुरण भरघोस असते. जनावरे रोज दोन-तीन तासच सोडतो, तरी महिन्याभरात जमीन उघडी पडते. गवताची जात बदलावी का?

उत्तर : आधी चराई बदला. घोटाळा त्याच जागी रोज सोडण्यात आहे. आज खाल्लेल्या ठोंबाला चार-पाच दिवसांत कोवळी पाने येतात आणि शेजारचे राठ गवत सोडून जनावर नेमके तिथेच पुन्हा तोंड घालते. ही पहिली फूट बुंध्यात साठलेल्या अन्नावर निघालेली असते. नवी पाने स्वतः अन्न तयार करू लागण्याआधीच गेली, तर ठोंबाला पुन्हा त्याच साठ्यातून खर्च करावा लागतो. असे तीन-चार वेळा झाले की ठोंब बारीक होतो, मुळे आखडतात आणि मोकळ्या जागेत कुसळी व तण शिरते. एका वेळी निम्म्यापर्यंत पाला खाल्ला तर मुळांना फारसा धक्का बसत नाही. ऐंशी टक्के गेला तर त्यांची वाढ दहा-बारा दिवस ठप्प होऊ शकते.

म्हणून कुरणाचे भाग पाडा. एका भागात चार दिवस चराई आणि 28 दिवस विश्रांती धरली, तर 28 भागिले 4 म्हणजे 7, आणि चराई चालू असलेला एक, असे आठ भाग लागतात. अंजनासारखे गवत 30 ते 40 सेंमी झाले की जनावरे आत घ्या, 10 ते 15 सेंमी उरले की बाहेर काढा. गिनी गवत उंच वाढते. ते 20-25 सेंमीच्या खाली जाऊ देऊ नका. पाऊस ओसरला की वाढ मंदावते, तेव्हा विश्रांती 45 ते 60 दिवसांवर न्या. दिवस केवळ अंदाजासाठी. निर्णय उंची पाहूनच घ्यावा. मेंढ्या असतील तर जास्त लक्ष ठेवा. गाय जिभेने गवत ओढून तोडते, मेंढी पार जमिनीलगत कुरतडते.

प्रश्न : अंजनाचे यंदाचेच ताजे बी पाभरीने पेरले. दहा ठिकाणी एखादे रोप दिसते. बी खराब होते का?

उत्तर : बी चांगले असूनही असे होते. अंजनाचे ताजे बी सुप्तावस्थेत असते; सहा महिने ते वर्षभर कोरड्या जागी ठेवलेले जास्त रुजते. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात दोन आठवडे ठेवून मोजा आणि त्यावरून बियाण्याचा दर ठरवा. बऱ्या उगवणीच्या बियाण्याला हेक्टरी 5 किलोच्या आसपास पुरते.

दुसरी चूक खोलीची, आणि बहुतेक पेरण्या इथेच फसतात. एवढ्याशा दाण्यातला साठा चार-पाच सेंमी माती फोडून वर यायला पुरत नाही. बी एक सेंमीपेक्षा खोल नको. ते केसाळ असल्याने एकमेकांत गुंतते आणि नळीत अडकते, म्हणून तिप्पट-चौपट ओलसर माती मिसळून हाताने चोळा आणि 50 सेंमी अंतरावरच्या उथळ ओळींत टाका. वरून काटेरी फांदी ओढली की पुरेसे झाकले जाते. जमीन मात्र आधी दाबून घट्ट करा. भुसभुशीत मातीत बी आपोआप खोल जाते आणि वरचा थर लगेच सुकतो. उगवणीनंतर तीन-चार आठवड्यांनी एक खुरपणी हवीच, कारण अंजनाचे रोप सुरुवातीला फार हळू वाढते आणि तणाखाली दबते.

प्रश्न : नव्या कुरणात जनावरे केव्हा सोडावीत?

उत्तर : पहिल्या वर्षी सोडू नका. बी पिकून गळू द्या, मग 10-15 सेंमी बुंधा ठेवून कापून चारा घाला. गळलेल्या बियांनी रिकाम्या जागा भरतात. पुढे सोडण्यापूर्वी पाने मुठीत धरून जनावरासारखा हिसका द्या. मुळासकट उपटले तर थांबा, पाने तुटून बुंधा जागीच राहिला तर सोडा. भिजलेल्या जमिनीवर वाफसा येईपर्यंत नकोच; खुरांनी माती दबते आणि कोवळे बुंधे चेंगरतात.

प्रश्न : गवतात स्टायलो (द्विदल चारा) मिसळला, पण दिसेनासा झाला.

उत्तर : त्याच्या बियांचे कवच कठीण असते. बी 80 अंश तापलेल्या पाण्यात चार मिनिटे बुडवा, मग रात्रभर थंड पाण्यात ठेवून पेरा. युरिया दिला असेल तर तोही बंद करा. त्याने गवत झपाट्याने वाढून स्टायलोवर सावली धरते.