गोल्फची सहल परवडेल, आठ जणांची आगाऊ रक्कम परवडणार नाही

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा. तुम्ही आठ मित्र आठ महिन्यांनंतर सोमवार ते शुक्रवार अशी पाच दिवसांची गोल्फ सहल काढणार आहात. आपापल्या गाड्यांनी फिरून परिसरातल्या सहा कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानांवर, खेळायचे आणि चार रात्री बाहेर मुक्काम करायचा, असा बेत आहे. ग्रीन फी (कोर्सवर खेळण्याचे शुल्क) आणि मुक्कामाचे पैसे महिन्याभरात एकरकमी भरले तर त्यांवर १० टक्के सूट मिळते, म्हणून सर्वांची रक्कम तुम्ही तुमच्या आपत्कालीन निधीतून भरावी आणि मित्रांनी ती सवडीने परत करावी, असे जवळपास ठरले आहे. शिवाय सहलीच्या निमित्ताने नऊ वर्षांचा जुना क्लबचा (गोल्फच्या काठ्यांचा) संच बदलून टाकावा, असेही तुमच्या मनात आहे. तुमचा स्वतःचा सल्लागार व्यवसाय आहे, बाकीचे सातही जण नोकरीत आहेत. हे सारे परवडेल का, असा तुमचा प्रश्न आहे.

तुमच्या रकमा इथे जशाच्या तशा न देता मी तुमच्या दरमहाच्या शिलकीला १०० मानतो आणि पुढचे सर्व आकडे त्याच मापात देतो, म्हणजे हा हिशेब दुसऱ्या कोणालाही स्वतःला लावून पाहता येईल. या मापाने तुमची मासिक प्राप्ती ४००, घरखर्च ३०० आणि आपत्कालीन निधी १५०० आहे. म्हणजे पाच महिन्यांचा खर्च हाताशी आहे. सहलीतला तुमचा वाटा तुम्ही २०० काढला आहे: सहा कोर्सची ग्रीन फी ७५, मुक्काम ५०, बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) आणि कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) ३०, प्रवास १५, खाणेपिणे ३०. दोन महिन्यांची शिलक वर्षातून एकदा मित्रांसोबतच्या सहलीवर खर्च करणे यात मला काहीही वावगे दिसत नाही. कर्ज नाही, दीर्घकालीन गुंतवणूक नियमित चालू आहे आणि गेल्या तीन वर्षांत मोठी सुट्टी घेतलेली नाही, हे तुम्ही लिहिलेच आहे. तेव्हा जावे की न जावे हा माझ्या मते प्रश्नच नाही. हरकत आहे ती पैसे भरण्याच्या पद्धतीला, आणि थोडी सहलीच्या आखणीला.

आधी पद्धतीबद्दल, कारण खरा धोका तिथे आहे. आगाऊ भरायची रक्कम प्रत्येकी १२५ आहे. आठ जणांची १००० होते आणि सूट वजा जाता ९०० उरते. ती निधीतून काढली की मागे ६०० राहतात, म्हणजे बरोबर दोन महिन्यांचा खर्च. पगारदार माणसाला दोन महिन्यांचा निधी तोकडा म्हणता येईल; पण ज्याच्या उत्पन्नाला महिन्याची ठरलेली तारीख नाही आणि ज्याची बिले ग्राहकांकडून कधी तीस तर कधी नव्वद दिवसांनी वसूल होतात, त्याच्यासाठी तो निधी जवळपास संपल्यातच जमा आहे. आणि या सगळ्याच्या बदल्यात तुमच्या पदरात काय पडते? सवलतीतला तुमचा वाटा साडेबारा. साडेबाराच्या लाभासाठी नऊशेची जोखीम एकट्याने घेणे हा व्यवहार कोणी ग्राहक म्हणून तुमच्यासमोर मांडला असता, तर तुम्ही त्याला क्षणात नकार दिला असता. समोर मित्र असल्यामुळे तो व्यवहार वाटतच नाही, एवढाच फरक.

मित्र पैसे बुडवतील असे मी म्हणत नाही. आठ महिन्यांत माणसांची परिस्थिती मात्र बदलते. कोणाची बदली होते, कोणाच्या घरी आजारपण येते, कोणाची पाठ धरते, आणि गोल्फ खेळणाऱ्यांत पाठदुखी ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. एक जण गळाला आणि आगाऊ रक्कम परत न मिळणारी असली, तर त्याच्या नावावरचे थोडेथोडके नव्हे, ११२.५ अडकतात. दोघे गळाले तर २२५, म्हणजे तुमच्या स्वतःच्या संपूर्ण सहलीच्या खर्चाहून अधिक. न आलेल्या माणसाकडे न खेळलेल्या खेळाचे पैसे मागणे किती अवघड असते, हे सांगायला आर्थिक सल्लागाराची गरज नाही. त्यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, जी गट ठरवताना सहसा कोणी बोलत नाही. ग्रीन फी माणशी असते, पण बग्गी दोघांत एक असते आणि खोलीही दोघांत एक. आठाचे सात झाले की एक जण बग्गीत एकटा बसतो आणि तिचे पूर्ण भाडे देतो. ते कोणी सोसायचे, हे त्या दिवशी सकाळी पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागी, ठरवायला लागू नये.

म्हणून व्यवस्था अशी असावी. प्रत्येकाने आपली आगाऊ रक्कम आरक्षणाच्या आधी जमा करावी, आणि ज्याची रक्कम आली त्याचेच नाव आरक्षणात जावे. गळणाऱ्याने बदली खेळाडू आणावा किंवा परत न मिळणारी रक्कम सोडावी, आणि मोकळ्या पडलेल्या अर्ध्या बग्गीचा व अर्ध्या खोलीचा भार उरलेल्या सर्वांनी समान वाटून घ्यावा, हे आताच लेखी कळवावे. महिन्याभरात सगळ्यांचे पैसे जमले तर सूट घ्या. नाही जमले तर ती जाऊ द्या आणि नेहमीच्या मुदतीत नेहमीच्या दराने आरक्षण करा. क्रेडिट कार्डावर आठ जणांची रक्कम हप्त्यांनी भरण्याचा जो दुसरा पर्याय तुम्ही सुचवला आहे, तो याच जोखमीला वर प्रक्रिया शुल्क किंवा व्याज जोडतो आणि अडीनडीला कार्डाची जी मर्यादा कामी आली असती तीही अडवून ठेवतो. तो विचारातही घेऊ नका.

आता आखणीकडे वळतो. तुमच्या २०० च्या यादीत सगळ्यांत मोठी रक्कम लिहायची राहिली आहे, आणि ती म्हणजे तुमचे बुडणारे काम. तुमच्या मित्रांना त्या पाच दिवसांची भरपगारी रजा मिळेल. तुम्हाला मिळणार नाही. महिन्यात कामाचे २२ दिवस धरले तर ४०० च्या प्राप्तीत पाच दिवसांचा हिस्सा सुमारे ९१ येतो, म्हणजे सहाही कोर्सच्या ग्रीन फीपेक्षा जास्त. त्यातले काही काम पुढेमागे ढकलता येईल हे मान्य. पण हिशेब मांडताना पूर्ण धरावे आणि जे वाचेल ते वाचले म्हणावे. सोमवार ते शुक्रवार हा बेत ग्रीन फी आठवड्याच्या मधल्या दिवसांत स्वस्त असते म्हणून निघाला असणार, आणि नोकरदारांसाठी ते गणित बरोबरही आहे. तुमच्यासाठी मात्र तो स्वस्त दर बुडालेल्या कामातून वसूल होतो.

यादीत न आलेल्या किरकोळ बाबीही आहेत: चेंडू, हातमोजा, बक्षिशी, सराव रेंजवरचे चेंडू आणि पैजा. पैजांबद्दल दोन शब्द लिहितो, कारण तुमच्या गटात नासाऊ खेळतात असे तुम्ही ओझरते नमूद केले आहे. गोल्फच्या एका फेरीत अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे, असतात. नासाऊत पहिल्या नऊ होलची, दुसऱ्या नऊंची आणि पूर्ण अठराची अशा तीन वेगळ्या पैजा एका फेरीत असतात, आणि मागे पडलेल्याने 'प्रेस' म्हटले की त्यांत नव्या पैजेची भर पडते. सहा फेऱ्यांत किमान अठरा पैजा झाल्या. एकेक रक्कम किरकोळ वाटते, पण पैजेची कमाल मर्यादा पहिल्या दिवशीच ठरवलेली बरी. या सगळ्यासाठी मी २५ धरतो. म्हणजे तुमच्या मूळ बेताची खरी किंमत २०० नसून ३१६ आहे.

यावर माझी सूचना गुरुवार ते रविवार अशा चार दिवसांची आहे: रोज एक याप्रमाणे चार कोर्स आणि तीन रात्री. तुमच्या मूळ बेतात एका दिवशी दोन कोर्स आहेत. चौघांच्या गटाला अठरा होलना साधारण चार ते साडेचार तास लागतात, तेव्हा मधल्या प्रवासासह ३६ होलचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालतो, आणि दुपारनंतरच्या फेरीत पैसे पूर्ण मोजून खेळ अर्धाच होतो. वगळायच्या दोन कोर्सपैकी एक कोणता असावा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सहांपैकी एकाची ग्रीन फी २५ आहे आणि उरलेल्या पाचांची प्रत्येकी १०. तो महागडा कोर्स नावाजलेला आहे, पण तुम्ही दिल्याप्रमाणे त्याचे स्लोप रेटिंग (सामान्य खेळाडूसाठी कोर्स तुलनेने किती अवघड आहे याचे माप) १४० आहे. हँडिकॅप म्हणजे कमी कसलेल्या खेळाडूला मिळणारी जादा फटक्यांची सवलत. २०२० साली लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत स्लोप ५५ ते १५५ दरम्यान असतो आणि सर्वसाधारण कोर्ससाठी ११३ मानला जातो. तुमचा २२ चा हँडिकॅप इंडेक्स तिथे केवळ स्लोपमुळे २७ च्या घरात जातो. ते पाच जादा फटके हँडिकॅप तुम्हाला देईल; पाण्यात आणि झुडपांत गेलेले चेंडू काही देणार नाही, आणि २०१९ पासून ते शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात. अर्थात तोच कोर्स खेळणे ही तुम्हा सर्वांची जुनी हौस असेल, तर तो ठेवा, गुरुवारी ठेवा आणि पुढच्या, म्हणजे होलला जवळ असलेल्या, टीवरून खेळा. त्यापायी पुढच्या हिशेबात १५ ची भर पडेल, ती पडू द्या.

तो वगळून आणि शनिवार-रविवारची ग्रीन फी दीडपट धरून चार कोर्सचे ५० होतात. मुक्काम तीन रात्रींचा, आठवड्याअखेरचा चढा दर धरून ४२, बग्गी आणि कॅडी २०, प्रवास १२, खाणेपिणे २४. एकूण १४८. किरकोळ बाबींचे १८ आणि दोन दिवसांच्या बुडीत कामाचे ३६ मिळवले तर २०२. मूळ बेताच्या ३१६ शी याची तुलना करा. तुमच्यापैकी कोणी एखाद्या कोर्सचा सभासद असेल तर सभासदाच्या पाहुण्यांचा दर आणि त्या क्लबचे इतर क्लबांशी परस्पर सवलतीचे करार आहेत का, हे आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे. सगळे कोर्स घरापासून गाडीच्या अंतरावर आहेत, तर मुक्काम टाळून रोज घरी का परतू नये, असाही विचार माझ्या मनात आला होता. तो मी सोडून दिला. संध्याकाळी सगळे एकत्र बसणार आहात म्हणूनच ही सहल आहे, असे तुमच्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदावरून दिसते, आणि ४२ मध्ये तीन संध्याकाळी मिळत असतील तर सबंध यादीत याहून चांगला खर्च मला सापडत नाही.

हे २०२ आठ महिन्यांत विभागले तर दरमहा २५ होतात, म्हणजे शिलकीचा चौथा भाग. त्यासाठी वेगळे बचत खाते ठेवा. चालू गुंतवणूक थांबवण्याची किंवा ठेव मोडण्याची गरज नाही. आगाऊ रक्कम महिन्याभरात भरावी लागली तर तुमच्या एकट्याच्या वाट्याचे ८०-८५ निधीतून तात्पुरते घ्यायला माझी हरकत नाही. ते पुढच्या तीन-चार महिन्यांत परत जातील.

आरक्षण करताना पावसाची अट वाचा. कोर्सच बंद ठेवला तर सहसा पैसे किंवा दुसऱ्या दिवसाची फेरी मिळते. कोर्स उघडा असताना तुम्ही खेळला नाहीत तर बहुधा काहीच मिळत नाही. विजेचा धोका वाटला तर खेळ थांबवण्याची मुभा गोल्फचे नियम खेळाडूला देतात आणि त्याबद्दल दंड लावत नाहीत, पण ग्रीन फी परत करणे नियमांच्या हातात नाही. बग्गीच्या भाडेकरारात नुकसानीची जबाबदारी बहुधा चालवणाऱ्यावर असते, तीही पाहून घ्या. तुमच्या एखाद्या विम्यात त्रयस्थाच्या इजेची भरपाई समाविष्ट असेल, तर भरकटलेल्या चेंडूने कोणाला लागले तर ती लागू होते का, हे विमा कंपनीला लेखी विचारावे. एका फटक्यात चेंडू होलमध्ये गेल्यास प्रथेने द्याव्या लागणाऱ्या मेजवानीचाही विमा जपानमध्ये मिळतो. २२ च्या हँडिकॅपला तो तुम्हाला सुचवण्याचे धाडस मी करत नाही.

राहिला क्लबचा संच. त्याची किंमत २५० आहे, म्हणजे सुधारलेल्या सहलीहून अधिक, आणि तो सहलीच्या खात्यात घालू नये असे मला वाटते. चार फेऱ्यांसाठी तो महाग आहे. पुढची आठ वर्षे तुम्ही वर्षाला दहा फेऱ्या खेळणार असाल तर फेरीमागे तीनच्या आसपास पडतो आणि तेव्हा तो महाग राहत नाही. पण गेल्या वर्षी तुम्ही चारच फेऱ्या खेळलात. तूर्त जुन्या क्लबच्या ग्रिप बदलून घ्या, त्याचा खर्च किरकोळ असतो, आणि ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) फारच जुना वाटत असेल तर एखाद्या कोर्सवर भाड्याने घेऊन पाहा. पिशवीत १४ हून जास्त क्लब नियमाने चालत नाहीत. सहलीत त्यांपैकी कोणते खरोखर बाहेर निघाले याची नोंद ठेवा. सहलीनंतरच्या सहा महिन्यांत किमान पाच फेऱ्या झाल्या, तर ती नोंद घेऊन मला पुन्हा लिहा. कदाचित पूर्ण संच घ्यावाच लागणार नाही.