तुझ्या फोनमधली दुसऱ्यांची गुपितं

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवा माझ्यासमोर बसून तू कसलंसं स्कॅनिंगचं अ‍ॅप घेतलंस. कागदाचा फोटो काढायला त्याला तुझ्या संपर्कांची परवानगी हवी होती. तू न वाचता 'अलाऊ' दाबलंस. मी टोकलं, तर तुझं उत्तर तयार होतं: "माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?"

नसेल. पण त्या यादीतल्या शे-पाचशे माणसांना कुणी विचारलं? एकदा ती यादी सावकाश वर-खाली करून बघ. कुणाच्या नावापुढे 'मानसोपचार', कुणापुढे 'उसने पैसे', आणि एखाद्या मैत्रिणीचा तो दुसरा नंबर, जो तिने मोजक्या चार जणांनाच दिलाय. असंच आणखी दहा जणांनी केलं, की ज्याने ते अ‍ॅप कधी पाहिलंही नाही, त्याचीही बरीचशी ओळख दहा याद्या जुळवून लागते.

फेसबुकवरच्या एका प्रश्नमंजुषेचं प्रकरण २०१८ मध्ये गाजलं, ते याच कारणाने. अ‍ॅप वापरणारे सुमारे तीन लाख. पण त्याला वापरणाऱ्यांच्या मित्रांचीही माहिती उचलता येत होती. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीकडे ज्यांची माहिती गेली, त्यांचा आकडा फेसबुकच्याच अंदाजाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत पोचला. त्यातल्या बहुतेकांनी काहीच दाबलं नव्हतं. त्यांच्या मित्रांनी दाबलं होतं.

फोटोंचंही तेच. २०१२ मध्ये जॉन मॅकाफी, तो अँटीव्हायरसवाला, मध्य अमेरिकेतल्या बेलीझच्या पोलिसांना चुकवत लपून होता. सोबतच्या पत्रकाराच्या आयफोनवरचा त्याचा फोटो नेटवर चढला आणि फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. शेजारच्या ग्वाटेमाला देशातला त्याचा ठावठिकाणा जगाला कळला. (त्या माणसाबद्दल मला यत्किंचितही सहानुभूती नाही, पण पत्ता फुटला तो दुसऱ्याच्या फोनमधून, एवढंच बघ.)

मीही काही सोवळा नाही. एका मित्राला दवाखान्यात भेटून आलो आणि 'लवकर बरा हो' लिहून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. हाताला सलाईन, उशाशी रिपोर्टांची फाइल. त्याने आजार घराबाहेर कुणालाच सांगितला नव्हता. संध्याकाळी त्याला साहेबांचा फोन गेला. मी फोटो काढून टाकला, तोवर तो आणखी तीन ग्रुपांत फिरत होता. मित्र रागावला नाही, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून कुणाचाही फोटो टाकण्याआधी त्यालाच विचारतो. लोक हसतात, हसू देत.

फोन फेकून दे असं मी म्हणत नाही, मलाही ते जमायचं नाही. सेटिंगमध्ये जाऊन संपर्कांची परवानगी कुणाकुणाला दिली आहेस ते बघ आणि नको तिथली काढ. आयफोनवर आयओएस १८ पासून पूर्ण यादीऐवजी निवडक संपर्कच देता येतात. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेव. व्हॉट्सअ‍ॅप साध्या फोटोतून ठिकाण पुसतं, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलास तर पुसत नाही. हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

पुढच्या वेळी भेटशील तेव्हा फोन आण, दोघं मिळून तुझी यादी साफ करू. माझं नाव काय म्हणून घातलंयस, तेही कळेल.

तुझा,
काका

ता. क. माझ्या वाढदिवसाचा केकवाला फोटो अजून तुझ्या प्रोफाइलवर आहे, खाली तारखेसकट. तेवढा आजच काढ.