पीळ ठेवायचा की काढायचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: माझे केस घट्ट कुरळे आहेत. चार वर्षं रंग नाही, रसायन नाही, नुसते वाढवले. बट ओढली की कमरेपाशी येते आणि सोडली की खांद्यावर जाऊन बसते. एकदा तरी स्ट्रेटनर फिरवून खरी लांबी बघावीशी वाटते, पण एकदाच करूनही पीळ कायमचा गेल्याचं ऐकलंय. करू का?

उत्तर: करता येईल, पण आधी दोन बटांवर करून बघा. लगेच सगळ्या डोक्यावर नको.

केसाचा आकार मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी धरून ठेवलेला असतो. हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस सुकताना पुन्हा जुळतात. ओले केस लांब दिसतात आणि सुकले की आखडतात, ते यामुळेच. स्ट्रेटनर केस ओढून तापवतो, तेव्हा हेच बंध सरळ स्थितीत जुळतात आणि धुतल्यावर पुन्हा मूळ जागी येतात. हा सरळपणा उसना असतो. दुसरे बंध गंधकाचे, डायसल्फाइड बंध. ते मजबूत असतात. मात्र जास्त तापमानात ते आणि केराटिन या प्रथिनाची मूळ घडणच बिघडली, तर कितीही धुतलं तरी पीळ येत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. केसांचं नेमकं उलटं आहे, केस न जळताही पीळ जातो. ना वास, ना धूर. पहिल्या धुण्यापर्यंत कळतही नाही.

त्यात कुरळा केस प्रत्येक वळणावर जरा नाजूक असतो आणि टाळूचं तेल वळणांमधून टोकापर्यंत उतरत नाही. केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतो, म्हणजे तुमची टोकं निदान चार वर्षांची जुनी आहेत. पीळ जायला सुरुवात होते ती तिथूनच.

चाचणी अशी करा. मानेजवळची एक आणि कपाळामागची, वरच्या केसांखाली लपणारी एक, अशा पेन्सिलीएवढ्या दोन बटा घ्या. एकच पुरत नाही, कारण एकाच डोक्यावर मानेकडचे आणि पुढचे केस वेगळे असू शकतात आणि पुढचे बहुधा बारीक असतात. मुळाशी दोरा बांधून खूण करा. पुढच्या उत्तरात दिलेल्या रीतीने त्या सरळ करा, दुसऱ्या दिवशी धुवा, न ओढता सुकू द्या आणि शेजारच्या बटेशी ताडून बघा. शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर जरी लोंबते राहिले, तरी सगळे केस सरळ करू नका. पीळ पूर्ण परत आला तर तेवढ्या तापमानाला एकदा करायला हरकत नाही. मात्र इजा साचत जाते, त्यामुळे आजचा निकाल दहाव्या वेळेला लागू पडत नाही.

ब्लीच किंवा हायलाइट केलेले केस, फाटे फुटलेली टोकं, टाळूवर जखमा, यांपैकी काही असेल तर चाचणीही नको. आमचं स्पष्ट मत सांगतो. वर्षातून दोन-तीनदा हौस म्हणून ठीक आहे. दर आठवड्याला सरळ ठेवायचे असतील, तर पीळ टिकेल ही आशा सोडायची तयारी आहे का, हे आधी ठरवा. आणि फक्त लांबीच बघायची असेल, तर ओल्या केसांच्या आठ-दहा वेण्या घालून पूर्ण सुकू द्या. उष्णतेशिवायही बरीचशी लांबी दिसते.

प्रश्न: घरी करायचं ठरवलंय. तापमान किती ठेवू? आणि केस थोडे ओलसर असताना केले तर जास्त सरळ होतात का?

उत्तर: ओलसर अजिबात नको. सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. केसातलं पाणी 100 अंशांना उकळतं, वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि केसाच्या आतच बुडबुडे होतात. पुढे केस तिथेच तुटतो. शिवाय ओल्या केसातलं केराटिन कोरड्यापेक्षा कितीतरी कमी तापमानाला बिघडतं. प्लेट लावल्यावर चुर्र आवाज आला किंवा वाफ दिसली, तर थांबा.

आधी जुने थर साफ काढणाऱ्या शाम्पूने दोनदा धुवा. राहिलेलं क्रीम आणि जेल प्लेटखाली भाजून केसावर बसतं. कंडिशनर लावून रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर गुंता काढा. मग हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस जपणारं द्रव्य, तेही भाग पाडून, प्रत्येक भागातून कंगवा फिरवून. वरवर मारलेला स्प्रे आतल्या केसांपर्यंत पोचत नाही. बाटलीवर डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोन अशी सिलिकोनची नावं दिसतील. हा थर उष्णता अडवत नाही, ती जरा सावकाश आणि सारखी पोचवतो. तेल हे काम करत नाही.

वेण्यांमध्ये बहुतेक सुकवून उरलेलं काम ब्लो ड्रायरने मध्यम उष्णतेवर करा, केस ताणून धरत. सरळपणाचं निम्मं काम इथेच होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला मुळांशी हाताची उलटी बाजू टेकवून बघा. गार लागलं तर आत ओल आहे.

स्ट्रेटनर बारीक केसांना 140 ते 150 अंश सेल्सिअस, मध्यम केसांना 160 ते 170, जाड, राठ केसांना 180. 200 च्या वर कुणीच जाऊ नये. मशीनवर आकडे नसतील, तर पांढरा टिश्यू पेपर प्लेटमध्ये पाच सेकंद धरा. पिवळसर झाला तर त्या खुणेवर केसांना लावू नका.

बट दोन सेंटिमीटर रुंद आणि इतकी पातळ घ्या की पलीकडची बोटं दिसतील. टाळूपासून एक सेंटिमीटर सोडून सुरुवात करा. बारीक दातांचा कंगवा प्लेटच्या पुढे चालवा, प्लेट त्याच्या मागोमाग, मध्ये कुठेही न थांबता. थांबलात की तिथे आडवी खूण उमटते आणि तेवढाच पट्टा जास्त भाजतो. टोकांवरून जरा झपकन सोडा. एका बटेवरून एकदाच फिरवायचं. एकदा फिरवून सरळ झाली नाही, तर तापमान वाढवू नका. बट जाड घेतली गेली असेल किंवा ब्लो ड्राय नीट झाला नसेल. तापमान कमी ठेवून पाच-पाच वेळा फिरवलं, तर कमी ठेवल्याचा फायदा उरत नाही.

बट गार होईपर्यंत हात लावू नका. नंतर रात्री केस डोक्याभोवती गुंडाळून वर रेशमी किंवा सॅटिनचं कापड बांधा. दमट हवेत किंवा घामाने मुळं फुगली तर फुगू द्या. ‘थोडंसंच’ म्हणून रोज पुढच्या बटांवर स्ट्रेटनर फिरवला जातो आणि पीळ जातो तो बहुतेक तिथलाच.

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी सरळ केले. पुढच्या चार-पाच बटांना अजून पीळ नाही. प्रोटीन मास्कने परत येईल का?

उत्तर: आधी दोन-तीनदा साफ काढणाऱ्या शाम्पूने धुऊन पाहा. कधी सिलिकोनच्या थराच्या वजनानेही पीळ दबलेला असतो. स्वच्छ, ओली बटसुद्धा दोऱ्यासारखी लोंबत असेल, तर तो पीळ गेला. वाईट वाटणं साहजिक आहे, इतकी वर्षं जपलेले केस असतात. प्रोटीन मास्कमुळे केस काही दिवस भक्कम वाटतो, पण मोडलेली घडण त्याने बांधली जात नाही. पार्लरमधल्या ‘केराटिन’ सेवेकडे तर उपाय म्हणून वळूच नका. ती सरळ करण्यासाठीच असते, आणि त्यातल्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू सुटतो.

महिन्याला जेवढे वाढतील साधारण तेवढे, 1 सेंमी, टोकाकडून कापत चला. लांबी तीच राहते आणि सरळ भाग हळूहळू संपतो. तोवर ओल्या बटा बोटाने पिळून किंवा मऊ रोलरवर गुंडाळून सुकवल्या तर बाकीच्यांत मिसळून जातात. कुरळा भाग संपून सरळ सुरू होतो तो सांधा सर्वांत कच्चा असतो. विंचरताना तो चिमटीत धरा. आणि चार बटांशी जुळावेत म्हणून उरलेले केस सरळ करू नका.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची आहे. केस सरळ करून दे म्हणून हट्ट धरते. करून देऊ का?

उत्तर: स्ट्रेटनर नको. लहान मुलांचे केस बारीक असतात, लवकर बिघडतात, आणि मूल हललं की कान-कपाळ भाजतं. एखाद्या दिवसासाठी वेण्या घालून सुकवलेले केस मोकळे सोडून द्या. पण ‘का हवेत सरळ?’ हे तिला शांतपणे विचारा. पुष्कळदा गुंता काढताना होणारं दुखणंच कारण निघतं. तसं असेल तर कोरडे केस विंचरणं बंद करा. कंडिशनर लावलेले, ओले केस चार भागांत वाटून, टोकाकडून सोडवा.