डॉक्टर न होता गर्भनिदानात संशोधन?

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलीला मेडिकलची जागा मिळाली नाही, आता ती जीवशास्त्राची पदवी घेऊन गर्भावस्थेतल्या तपासण्यांवर संशोधन करायचं म्हणते. डॉक्टर नसेल तर जन्मभर दुसऱ्यांचे नमुने तपासत बसेल, ही तुमची धास्ती. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, ‘एक बरं, गणित सुटलं म्हणून खूश आहे.’ मला काळजी वाटली ती या वाक्याची.

डॉक्टरकीचं आधी. आईच्या रक्तद्रवात बाळाचा डीएनए तरंगत असतो, हे १९९७ मध्ये दाखवणाऱ्या गटाचे प्रमुख डेनिस लो डॉक्टर आहेत. पण त्या रक्तावरून डाऊन सिंड्रोम ओळखता येतो, हे २००८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. एक लो यांचा, दुसरा स्टीफन क्वेक यांचा. क्वेक भौतिकशास्त्रज्ञ! सोनोग्राफी, सुईने गर्भजल काढणं ही कामं डॉक्टरचीच. चाचणी घडवणं आणि पारखणं मात्र इतरांनाही खुलं आहे. त्यासाठी जनुकशास्त्र, जैवसांख्यिकी किंवा जैवमाहितीशास्त्रात एमएस्सी आणि पुढे पीएचडी लागेल. वाट लांब आहे, हे घरात आधीच बोलून घ्या.

आता गणित. ही चाचणी म्हणजे मुळात मोजणीच. आईच्या रक्तातल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यांपैकी साधारण दहावा हिस्सा गर्भाकडचा धरला आणि बाळात २१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन असलं, म्हणजेच डाऊन सिंड्रोम असला, तर त्या गुणसूत्राचे तुकडे जेमतेम ५ टक्क्यांनी वाढतात. एवढासा फरक लाखो तुकडे मोजल्याशिवाय दिसत नाही.

खरी मेख पुढे आहे. समजा, हजारात एका गर्भात दोष आहे. चाचणी शंभरातले ९९ दोष पकडते आणि निरोगी हजारांत एकालाच चुकून ‘धोका’ सांगते. एक लाख गर्भवतींमध्ये खरे दोष १००, पकडले ९९. खोटे इशारेही जवळपास १००. म्हणजे एवढी चोख चाचणी ‘धोका’ म्हणते तेव्हा निम्म्या वेळा बाळ निरोगी असतं! शिवाय तो डीएनए मुख्यतः वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून येतो. क्वचित दोष वारेत असतो, बाळात नसतो. म्हणून असा निकाल आला की पक्कं निदान गर्भजलाच्या नमुन्यावरून करायचं. हा हिशेब चुकला तर कुणीतरी आईबाप नको तो निर्णय घेऊन बसतात. गणित टाळणाऱ्या संशोधकाला या क्षेत्रात मी तरी पाठवणार नाही.

वरचं उदाहरण तिला स्वतः सोडवू द्या, मग हजारात एकाऐवजी दहा हजारांत एक धरून पुन्हा करायला सांगा. उत्तर पाहून तिला कुतूहल वाटलं, तर पदवीला सांख्यिकी हा जोडविषय घ्यायला लावा. कंटाळली, तर जनुकीय समुपदेशनाचा विचार करू. धोका टक्क्यांत समजावून सांगावा लागतो तिथेही, पण दिवसाचा बराच वेळ माणसांशी बोलण्यात जातो, आणि कदाचित तिचा ओढा तिकडेच असेल. तिचा कल कळला की कळवा.